फ्लॉरेन्सला तीन दिवस जाताय? मग निदान या चुका तरी टाळा

इटलीचा बेत ठरला की आपली मंडळी आधी विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेल, मग रील्स बघून यादी. आणि निघायला चार दिवस उरले की विचारतात, "फ्लॉरेन्समध्ये काय काय बघावं?" जे शिल्लक असेल ते बघा, दुसरं काय सांगणार! गाव लहान आहे, स्टेशनवरून दुओमोपर्यंत, म्हणजे मुख्य कॅथेड्रलपर्यंत, रमतगमत चालत जाता येतं, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. पण उफीझी या चित्रसंग्रहालयात किंवा मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्यासमोर एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात, आणि ते स्लॉट आपल्यासाठी थांबत नाहीत.

सोमवार

उफीझी सोमवारी बंद. डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया सोमवारी बंद. नदीपलीकडचा पित्ती राजवाडाही सोमवारी बंद. हे गुपित नाही, त्यांच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर दिसतं. तरीही रविवारी संध्याकाळी रोमहून यायचं, सोमवारी 'फ्लॉरेन्स करायचं' आणि मंगळवारी सकाळी व्हेनिस गाठायचं, हा बेत मला दर मोसमात कुणी ना कुणी दाखवतंच.

ओळखीतल्या ठाण्याच्या एका कुटुंबाला एजंटने नेमकं हेच आखून दिलं होतं. घरातल्या काकू चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना फक्त उफीझीतलं बोत्तिचेल्लीचं 'व्हीनसचा जन्म' हे चित्र बघायचं होतं, बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा म्हणाल्या होत्या. सोमवारी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, एकदम खुशीत: "अरे, उफीझीला अजिबात रांग नाही, आमचं नशीब बघ!" मी म्हटलं, दाराला हात लावून बघ.

मग फोनवरच दुरुस्ती केली. व्हेनिसची तिकिटं सगळ्यात स्वस्तातली, म्हणजे बदलून मिळत नाहीत. ते पैसे गेले असं समजा आणि दुपारची नवी गाडी घ्या, मंगळवारी उफीझी सव्वाआठला उघडते तेव्हाचा पहिला स्लॉट आत्ताच्या आत्ता घ्या, आणि आजच्या दिवसात पलाझ्झो वेक्यो हा जुना राजवाडा आणि सान्ता क्रोचे चर्च उरका, दोन्ही सोमवारी उघडी असतात. सान्ता क्रोचेत मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली एकाच छपराखाली पुरलेले आहेत, तेव्हा ती काही दुधाची तहान ताकावर नव्हे. मुलगा तिकिटांच्या पैशांवरून कुरकुरत होता. काकूंनी त्याला गप्प केलं.

माझी सवय उलटी आहे. आधी कागदावर वार लिहायचे, त्यापुढे काय बंद ते लिहायचं, उफीझी आणि अकादेमियाचे स्लॉट बघायचे आणि मगच ट्रेन आणि हॉटेल. दिवसाला एकच मोठं म्युझियम. दोन केलीत तर दुसऱ्यात तुम्ही फक्त बाकडी शोधता.

आणि हो, महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात ही 'टिप' मला पुन्हा पाठवू नका. तीन दिवसांच्या सहलीतला अर्धा दिवस रांगेत घालवून वाचवलेले पैसे कसले मोजता?

भाड्याची गाडी जुन्या गावात घालणं

टस्कनीत गाडी हवी हे मला मान्य आहे. फ्लॉरेन्समध्ये नको. जुन्या गावात झेडटीएल आहे, म्हणजे परवाना नसलेल्या गाड्यांना ठरलेल्या वेळात बंदी. तिथे हवालदार शिट्टी मारत नाही, नाक्यावर कॅमेरा असतो आणि तो गुपचूप नंबर टिपतो. माझा आतेभाऊ मॅपवर विसंबून हॉटेल शोधत आत शिरला, एकेरी रस्त्यांनी बाहेर पडला आणि पुन्हा शिरला. प्रत्येक शिरकावाचा दंड वेगळा, आणि एकेक दंड साधारण शंभर युरोच्या घरातला. आधी गाडीवाल्या कंपनीने 'तुमची माहिती पोलिसांना दिली' याचीच फी क्रेडिट कार्डावरून कापली. स्वारी समजली, प्रकरण मिटलं. खरे दंड त्यानंतर कित्येक महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर आले, सहलीचे फोटो व्हॉट्सॅपवरून खाली गेल्यावर. तो अजूनही म्हणतो, बोर्ड नव्हता. बोर्ड असतो. त्यावर लाल अक्षरांत 'वार्को अत्तीवो' दिसलं की नाका चालू आहे आणि आत जायचं नाही.

हॉटेल आतच असेल तर आधी मेल करून विचारा. सामान उतरवण्यासाठी ते गाडीचा नंबर नोंदवून देऊ शकतात. मी मात्र फ्लॉरेन्स बघून झाल्यावरच गाडी घेतो आणि तीही गावाबाहेरून. आणि आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढल्याशिवाय गाडीचा विषयच काढू नका.

घुमट

दुओमोवरचा हा घुमट ब्रुनेल्लेस्की या वास्तुकाराने 1420 ते 1436 मध्ये बांधला, तेव्हा लिफ्ट नव्हती आणि आजही नाही. 463 पायऱ्या, घुमटाच्या दोन कवचांमधल्या चिंचोळ्या वाटेने. गुडघे कुरकुरत असतील किंवा कोंडल्या जागी जीव घाबरत असेल, तर इथे हट्ट करू नका. वेळेचा स्लॉट लागतो आणि तो बराच आधी संपतो. मिळाला नाही तर रडू नका, शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्यावर चढा. पायऱ्या 414, पण वरून फोटोत घुमट येतो. घुमटावर उभे राहिलात तर नेमका तोच फोटोत नसतो! खालच्या कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट लागत नाही, खांदे आणि गुडघे झाकलेले असले की झालं.

बाकीच्या, पटापट

पलाझ्झो वेक्योसमोरच्या चौकातला डेव्हिड बघून 'डेव्हिड झाला' म्हणू नका. ती 1910 ची प्रतिकृती आहे, मूळ पुतळा 1873 मध्येच अकादेमियात हलवला. तिथे त्याच्याकडे जाणाऱ्या दालनात मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले 'बंदिवान' पुतळे आहेत. दगडावर छिन्नीचे ओरखडे तसेच दिसतात. लोक त्यांच्यापुढून धावत जातात.

स्टेशनच्या बोर्डावर गाडीचं शेवटचं स्टेशन असतं. रोमला 'फिरेंझे' (फ्लॉरेन्सचं इटालियन नाव) शोधत बसाल आणि व्हेनिसची म्हणून तुमचीच गाडी सोडून द्याल. गाडी नंबरावरून ओळखा. उतरायचं सान्ता मारिया नोव्हेल्लाला, तेच गावातलं मुख्य स्टेशन. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड.

शाकाहारी असाल तर सूप मांसाच्या पाण्यातलं नाही ना, हे विचारा. लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या जठराचं सँडविच. गाडीवरून वास छान येतो म्हणून मागवू नका.

आणि एक खास मराठी चूक

पोंते वेक्यो या जुन्या पुलावर सगळेच जातात. पण 1870 मध्ये युरोपहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज फ्लॉरेन्समध्येच वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि तिथे आज छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलाचं नावही त्यांच्यावरूनच 'इंदियानो'. जागा कॅशिने पार्कच्या पार पश्चिम टोकाला आहे आणि पार्क साडेतीन किलोमीटर लांब, तेव्हा 'ट्रामने उतरलो की समोरच असेल' असं धरू नका. भाड्याची सायकल घ्या आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ त्यासाठी ठेवा. दुपारची ट्रेन असेल तर सामान आधीच स्टेशनवर टाका. सायकलला बॅगा लटकवून निघालेले महाभागही बघितलेत मी.