ओपन ॲक्सेसमुळे पुस्तकाचा खप घटतो का? आपल्याच आकड्यांवरून असे तपासा

ओपन ॲक्सेस म्हणजे पुस्तकाची पीडीएफ सर्वांना फुकट खुली करणे. ती फुकट मिळत असेल तर छापील प्रत कोण घेणार, ही प्रकाशकाची पहिली शंका. तिचे उत्तर विक्रीच्या नोंदींत मिळते, पण तुलना नीट हवी. एकाच पुस्तकाचा यंदाचा खप गेल्या वर्षाच्या खपाशी ताडू नका. संशोधनग्रंथाचा बराचसा खप पहिल्या एक-दोन वर्षांतच होतो. पुढची उतरण फुकट पीडीएफ नसली तरी येतेच.

म्हणून जोड्या लावा. प्रत्येक खुल्या पुस्तकाला एक बंद, म्हणजे फक्त विकत मिळणारा, जोडीदार: विषय किंवा मालिका तीच, किंमत आणि पाने जवळपास तेवढीच, प्रकाशनही साधारण त्याच सुमाराचे. जोडी खपाचे आकडे पाहण्याआधी ठरवा, नाहीतर हवे ते उत्तर आपसूक निघते. नेदरलँड्समधल्या ओएपेन-एनएल प्रकल्पाने २०११पासून ५० खुली पुस्तके अशीच जोडीदारांशी ताडली. खपात लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थात तो निष्कर्ष त्या पुस्तकांचा, तुमच्या यादीचा नव्हे. नावाजलेल्या लेखकांचीच पुस्तके खुली केली असतील, तर दिसणारा फरक लेखकाचा असू शकतो. जुन्या यादीतली पुस्तके खुली करणार असाल तर चिठ्ठ्या टाकून निवडा.

महिने प्रकाशनाच्या तारखेपासून मोजा, किमान २४. दुकानांतून परत आलेल्या प्रती वजा करा. त्या उशिरा येतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खप नेहमीच फुगलेला दिसतो. छापील प्रती आणि विकतचे ई-बुक आयएसबीएननुसार (प्रत्येक स्वरूपाच्या स्वतंत्र पुस्तक-क्रमांकानुसार) वेगळे ठेवा. फुकट पीडीएफचा थेट सामना ई-बुकशी असतो, आणि तिथली घट एकूण बेरजेत सहज दडते. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या: एखादे पुस्तक अभ्यासक्रमाला लागले की ते एकटेच सरासरी वर ओढते.

डाउनलोड म्हणजे बुडालेली विक्री नव्हे. त्यांतले कित्येक वाचक ते पुस्तक कधीच विकत घेणार नव्हते. शिवाय बारा प्रकरणे वेगवेगळी उतरवणारा एकच वाचक बारा डाउनलोड दाखवतो. काउंटर या ऑनलाइन वापर मोजण्याच्या मानकाप्रमाणे मोजलेले, रोबोट (आपोआप फायली उतरवणारे प्रोग्राम) वगळलेले आकडे मागा आणि त्यांतले प्रकरणनिहाय नव्हे, पुस्तकनिहाय आकडे वापरा.

खप खरेच कमी दिसला, तर आधी डाउनलोडचे पान उघडून पाहा. छापील आवृत्तीची किंमत आणि खरेदीची लिंक तिथे नसेल, तर ती टाका आणि पुढचे महिने वेगळे मोजा.