स्कीइंगला सहकुटुंब निघताना: अंगावर काय, बॅगेत काय

मुंबईत पारा सोळावर आला की आपण कपाटातून स्वेटर काढतो. त्यामुळे गुलमर्गची तिकिटं काढली की पहिला विचार येतो तो जाड कपड्यांचा. दोन स्वेटर, त्यावर जॅकेट, आत जीन्स आणि डोक्याला माकडटोपी. बर्फात उभं राहून फोटो काढायचे असतील तर हे ठीक आहे. स्कीइंगला मात्र याच कपड्यांनी हुडहुडी भरते. शिकाऊ माणूस पडतो, उठतो, स्की खांद्यावर टाकून उतार पुन्हा चढतो आणि दहा मिनिटांत घामाघूम होतो. मग प्रशिक्षकाची वाट बघत उभं राहिलं की तोच घाम अंगावर गार पडतो. बाहेरून बर्फ वितळून कपडे भिजतात ते वेगळंच. म्हणून सगळी तयारी करायची ती अंग कोरडं ठेवण्यासाठी. ऊब आपोआप राहते.

आधी तारीख ठरवा, मग खरेदी

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो. खाली ऊन असतानाही वर बोचरा वारा असू शकतो. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे काश्मीरचा चिल्लई कलान, सगळ्यात कडक थंडीचा काळ. नाताळच्या सुटीत जाणार असाल तर आतले कपडे जाड घ्या. त्या सुमारास कधी कधी उतारावर पुरेसा बर्फच नसतो, हेही धरून चाला. मूल लहान असेल आणि शाळा बुडवता येत असेल, तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध बरा. थंडी थोडी सुसह्य असते, पण दुपारी बर्फ ओला होतो, म्हणून जॅकेट-पँटच्या जलरोधकपणावर पैसे घाला. उत्तराखंडातल्या औलीला किंवा हिमाचलातल्या सोलांगला जाणार असाल तरी यादी हीच.

विकत काय, भाड्याने काय

नियम सोपा आहे: कातडीला लागणारं सगळं स्वतःचं, बाकीचं भाड्याने. थर्मल, मोजे, हातमोजे, स्कीचा गॉगल आणि गळ्याचा वॉर्मर विकत घ्या. स्की, पोल (हातात धरायच्या काठ्या) आणि बूट तिथे भाड्याने मिळतात. वर्षातून एकदा जाणाऱ्याने ते घेण्यात अर्थ नाही.

जॅकेट-पँट भाड्याने घ्यायची असेल तर स्कीइंगचीच घ्या. गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गला गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट पुढे केले जातात. कोट गुडघ्यात अडकतो, पाणी पितो आणि तासाभरात जड होतो. गमबूट स्कीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, बसतच नाहीत.

मुलांचं हेल्मेट शक्यतो घरून न्या, कारण छोटे साइज तिथे मिळतीलच असं नाही. सायकलचं हेल्मेट चालणार नाही. स्कीच्या हेल्मेटवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० हे मानक छापलेलं असतं. घेण्याआधी भुवयांच्या थोडं वरून टेपने डोक्याचा घेर मोजा. पट्टा न लावता मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये.

खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरका. सुटीच्या तोंडावर गेलात तर हवा तो साइज हाती लागेल याची खात्री नाही. आणि ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक नंबर मोठं घेण्याची आपली सवय इथे फक्त जॅकेटपुरती ठेवा. थर्मल सैल असेल तर घाम शोषत नाही, हातमोजा मोठा असेल तर पोल धरता येत नाही.

तीन थर

पहिला थर अंगाला चिकटून बसणारा, पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा. सुती बनियन आणि सुती लेगिंग घरीच ठेवा. कापूस घाम पितो आणि सोडत नाही. मुंबईच्या उकाड्यात जो गुण हवासा वाटतो, तोच तिथे अंगाशी येतो. दुसरा थर पातळ फ्लीसचा, जास्त थंडी असेल तर त्यावर बिनबाह्यांचं हलकं जॅकेट. आजीने विणलेला जाड स्वेटर संध्याकाळी हॉटेलात घाला. तिसरा थर म्हणजे वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. लेबलवर जलरोधकपणा (पाण्याचा किती उंच स्तंभ कापड अडवतं ते) १०,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त लिहिलेला असेल तर शिकाऊ कुटुंबाला पुरतं. नवशिके दिवसातला बराच वेळ बर्फावर बसलेले असतात, म्हणून जॅकेटपेक्षा पँट चांगली हवी.

जुनं जॅकेट घरात असेल तर न्हाणीघरात तपासा. बाही ताणून धरा, वर अर्धा पेला पाणी ओता आणि बोटाने चोळा. पाण्याचे मणी होऊन ओघळले तर उत्तम. कापड गडद पडलं आणि दहा मिनिटांनी आतून ओलसर लागलं, तर ते जॅकेट फिरायला ठेवा.

पावसाळ्यातलं विंडचीटर चालेल का? पाणी अडवतं, पण घामाची वाफही अडवतं. आतून अंग भिजतं. अडीअडचणीला तासभर वापरा, दिवसभर नको.

पाय: सगळ्यात जास्त चुका इथे

पाय गार पडतील म्हणून दोन-दोन मोजे घालतात. त्याने पाय आणखी गार पडतात. कडक बुटात दोन मोज्यांच्या वळ्या पडून फोड येतात आणि दाबामुळे रक्त नीट खेळत नाही. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ ते मध्यम स्की-मोजा घाला. थर्मलची पँट बुटात खोचायची नाही. ती घोट्याच्या वरच संपू द्या, म्हणजे बुटात फक्त मोजा राहील. स्कीच्या पँटच्या आतली रबरी कड बुटाच्या बाहेरून ओढा.

स्कीचे बूट सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा आणि अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजा. २४ सेंटिमीटर आलं तर बूट २४. घरातल्या प्रत्येकाचं माप फोनमध्ये लिहून ठेवा. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर एक माप लहान मागा. बुटात हात घालून आतलं अस्तर कोरडं आहे का बघा, ओलं असेल तर बदलून घ्या.

बाइंडिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून लावतात. इथे वजन चार किलो कमी सांगून काही साधत नाही. चुकीच्या आकड्यामुळे पडताना स्की सुटत नाही, नाहीतर उगाचच सुटते.

हात, डोकं, डोळे

लहान मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहतील असे घ्या. जास्त गरम राहतात आणि घालणंही सोपं. मुलांना दोन जोड्या लागतातच, कारण पहिली दुपारपर्यंत भिजते.

हेल्मेटखाली पातळ टोपी किंवा काहीच नको. जाड माकडटोपीने हेल्मेट वर उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. मफलर तर अजिबात नको, लिफ्टमध्ये अडकतो. त्याऐवजी नळीसारखा नेक वॉर्मर घ्या, माणशी दोन. श्वासाने एक ओला होतो.

ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून ढगाळ दिवशीही डोळे आणि त्वचा भाजते. गॉगल सगळ्यांना, लहानग्यांनाही. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल घ्या. तो कपाळावर चढवून ठेवू नका, कपाळाच्या घामाने काच धुरकटते. आतून पुसूही नका, लेप निघतो. सनस्क्रीन एसपीएफ ५०चं, हनुवटीच्या आणि नाकाच्या खालूनही लावा, कारण किरण खालूनही येतात. खोबरेल तेल नेऊ नका. ते चोवीस अंशांखाली गोठायला लागतं, तिथे बाटलीतून निघणारही नाही. व्हॅसलीन घ्या.

बॅग

चार दिवसांच्या स्कीइंगला माणशी: थर्मलचे दोन जोड, फ्लीस एक, स्की-मोजे तीन जोड, हॉटेलसाठी लोकरी मोजे एक जोड, जॅकेट-पँट एक, संध्याकाळी घालायला पकड असलेले जलरोधक बूट. स्पोर्ट्स शूज गोठलेल्या रस्त्यावर घसरतात.

देशांतर्गत इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन मिळतं. जड बूट पायात घाला, जॅकेट हातावर टाका. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी लागते. थर्मलचा एक जोड, औषधं आणि मुलांचे हातमोजे केबिनमध्ये घ्या, म्हणजे मोठी बॅग उशिरा आली तरी पहिला दिवस वाया जात नाही.

बाकी सामानात पाचशे मिलिलिटरचा थर्मास, चिकटपट्ट्या, राजगिऱ्याचे लाडू आणि सुकामेवा. चिक्की खिशात ठेवू नका, थंडीत दातांची परीक्षा घेते. सगळ्यांची ओळखपत्रं, मुलांचं आधारसुद्धा. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, घरात निदान एक पोस्टपेड हवं. विमा असेल तर स्कीइंग वगळलेलं नाही ना, हे वाचून घ्या. दमा किंवा हृदयविकार असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

सकाळी घालण्याचा क्रम

आधी मुलांना शौचाला पाठवा. सगळे थर चढल्यावर ते शक्य असतं, पण पंधरा मिनिटं जातात. मग थर्मल, मोजे, फ्लीस, स्की-पँट, बूट, जॅकेट, नेक वॉर्मर, हेल्मेट, गॉगल. हातमोजे शेवटी, सनस्क्रीन त्याआधी. बूट खोलीतच घाला, गार प्लास्टिक कडक होतं आणि पाय आत जात नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झटकन उतरते. बाहेर पडताना किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर काढा.

संध्याकाळी आणि परतल्यावर

हातमोजे आणि बुटांची आतली अस्तरं बाहेर काढून हीटरपासून हातभर लांब टांगा. बुखारीवर (खोली तापवायच्या काश्मिरी शेगडीवर) ठेवलं तर शिवण उकलते आणि रबर तडकतं. वीज जाईल हे गृहीत धरून बुटांत चुरगळलेलं वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने बदला.

ओले कपडे बॅगेत दाबून मुंबईला आणलेत तर इथल्या दमट हवेत दोन दिवसांत कुबट वास येतो. घरी आल्याच दिवशी सगळं पंख्याखाली पसरा. जॅकेट सौम्य साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने पाणी अडवणारा लेप निकामी होतो. माळ्यावर ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून वारा द्या.