एआय सहायकाच्या मदतीने शोधप्रबंध कसा लिहावा

शोधप्रबंध लिहिताना एआय सहायकाची मदत घ्यावी की नाही, ही चर्चा आता मागे पडली आहे, कारण बहुतेक विद्यार्थी ती घेतातच. ती कोणत्या कामासाठी आणि कोणत्या क्रमाने घ्यावी, याचा विचार मात्र फारसा होत नाही. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांपैकी काहीही वापरा. आधी सहायकाकडून लिहून घ्यायचे आणि मग शब्द बदलून ते आपले करायचे, असा क्रम ठेवला की प्रबंध हातातून निसटतो आणि आपल्याला नेमके काय म्हणायचे होते हेच शेवटी सांगता येत नाही. आपण आधी लिहावे आणि सहायकाला कसून वाचायला लावावे, हा या लेखाचा आग्रह आहे.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, विषय आहे पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायतीचे पाणीवाटप. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे उभ्या केलेल्या या प्रयोगात पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरत असे, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला जाई आणि ऊस घेण्यास मनाई होती.

पायरी १ : नियम वाचावेत आणि मार्गदर्शकांना विचारावे

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक नियम २०१८ चे आहेत. त्यांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हा भाग या मोजणीतून वगळलेला असतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साम्य शोधणारे सॉफ्टवेअर शब्दरचनेची जुळणी तपासते, त्यामुळे सहायकाने नव्याने रचलेला मजकूर कमी टक्केवारी दाखवून सहज पार होऊ शकतो. पण प्रबंध स्वतः सिद्ध केलेला आणि मूळ आहे असे प्रतिज्ञापत्र विद्यार्थी सहीनिशी देतो, आणि त्या सहीचा अर्थ टक्केवारीने बदलत नाही.

म्हणून कामाला लागण्यापूर्वी आपल्या संशोधन केंद्राचे एआयविषयी काही परिपत्रक आहे का ते पाहावे, आणि नसेल तर मार्गदर्शकांना लेखी विचारावे. 'भाषा तपासणे, शोधशब्द सुचवणे आणि मसुद्यावर प्रश्न विचारणे या तीन कामांसाठी मी एआय सहायक वापरू इच्छिते. आपली संमती असावी,' एवढी ईमेल पुरते. ती आणि तिचे उत्तर जपून ठेवावे.

पायरी २ : संशोधनाचा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहावा

सहायक उघडण्यापूर्वी कागदावर एक पान लिहावे: मला काय शोधायचे आहे, ते का शोधायचे आहे, आणि आज माझा अंदाज काय आहे. हे पान ओबडधोबड असले तरी चालेल. मग ते सहायकाला देऊन म्हणावे, 'हा प्रश्न तीन ते सहा वर्षांत एकट्या विद्यार्थ्याला पेलेल का? यातील कोणते शब्द संदिग्ध आहेत? उत्तर सुचवू नका, फक्त प्रश्न विचारा.' शेवटचे वाक्य गाळू नये; ते नसेल तर सहायक लगेच उद्दिष्टे, गृहीतके आणि प्रकरणांची यादी हातात ठेवतो, आणि ती इतकी सुबक असते की आपल्या कच्च्या पानाची लाज वाटू लागते. ती लाज बाळगू नये, कारण संशोधन त्या कच्च्या पानातच आहे. आपल्या उदाहरणात सहायकाने 'समन्यायी म्हणजे माणशी समान, की गरजेनुसार?' असे विचारले, तर तो प्रश्न सोन्यासारखा आहे. त्याचे उत्तर मात्र गावातून आणि दप्तरातून आणायचे आहे.

पायरी ३ : संदर्भ शोधण्यासाठी शब्द घ्यावेत, संदर्भ घेऊ नयेत

सर्वांत जास्त घात होतो तो येथे. एआय सहायक शब्दामागून संभाव्य शब्द जुळवत वाक्य तयार करतो. त्यामुळे लेखकाचे नाव, नियतकालिक, अंक आणि पृष्ठांक असलेला, दिसायला अगदी खरा पण प्रत्यक्षात कधीच न छापलेला संदर्भ तो निःशंकपणे देऊ शकतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. मराठीत हा धोका वाढतो, कारण आपली जुनी मासिके, जिल्हा परिषदांचे अहवाल आणि संस्थांच्या पुस्तिका मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवर आलेल्याच नाहीत, आणि जिथे माहिती विरळ असते तिथे सहायक अंदाजाने जागा भरतो.

पाणी पंचायतीच्या बाबतीत हे कसे घडते ते पाहा. 'पाणी पंचायतीचा कायदा कधी झाला?' असे विचारले की उत्तरात २००२ हे वर्ष येण्याची दाट शक्यता असते. ते वर्ष खरे आहे, पण तो कायदा ओडिशाचा आहे. पुरंदरची पाणी पंचायत ही लोकांनी उभी केलेली चळवळ होती, आणि महाराष्ट्रात पाणीवापर संस्थांसंबंधीचा कायदा २००५ चा आहे. नामसाधर्म्यामुळे कधी २०१६ मध्ये स्थापन झालेले पाणी फाउंडेशनही याच उत्तरात मिसळते. तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण परिच्छेद खोटा होतो. विषय जाणणाऱ्या परीक्षकाला ती चूक पहिल्या वाचनातच दिसते.

यावर उपाय सोपा आहे. सहायकाकडे शोधशब्द मागावेत: पाणीवाटप, समन्यायी पाणीवाटप, उपसा सिंचन, पाणीवापर संस्था, आणि त्यांचे इंग्रजी व हिंदी पर्याय. हे काम तो फार चांगले करतो. मग ते शब्द घेऊन शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात), विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि संबंधित संस्थेच्या कपाटात आपण जावे. जो ग्रंथ वा लेख आपण स्वतः उघडून पाहिला, ज्याचे पान डोळ्यांनी वाचले, तोच संदर्भसूचीत जावा. या नियमाला अपवाद ठेवू नये.

पायरी ४ : मुलाखती सहायकाला देताना माणसांची काळजी घ्यावी

मुलाखतींचे शब्दांकन करण्यासाठी किंवा त्यांतील मुद्दे वेगळे काढण्यासाठी मदत घेता येते. मात्र ज्याने ओसरीवर बसून आपल्याला सोसायटीतील भांडण विश्वासाने सांगितले, त्याचे नाव, गाव, गट क्रमांक आणि आवाज असाच्या असा बाहेरच्या सर्व्हरवर टाकणे योग्य नाही. त्यामुळे आवाजाची फाइल शक्यतो चढवूच नये. लिखित रूपात नावांच्या जागी 'शे-१', 'शे-२' असे संकेत घालावेत आणि साधनाच्या सेटिंगमध्ये आपला मजकूर प्रशिक्षणासाठी न वापरण्याचा पर्याय निवडावा. मुलाखतीपूर्वी घेतलेल्या संमतिपत्रातही याचा उल्लेख असावा.

शब्दांकन मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावे. शेतकरी म्हणतो, 'पाटकऱ्याने पाळी चुकवली'. सहायक त्याचे 'पाणी व्यवस्थापकाने सिंचन चक्राचे पालन केले नाही' असे शुद्ध रूप करून देतो. अर्थ वरवर तोच दिसतो, पण पाटाचे पाणी पाळीपाळीने सोडणारा पाटकरी हा गावातला, ओळखीचा माणूस आहे आणि 'चुकवली' या शब्दात आरोप आहे. तो आरोप पुसला गेला तर आपल्या प्रकरणातील पुरावाच पुसला जातो.

पायरी ५ : प्रकरण आपण लिहावे, सहायकाला परीक्षक करावे

पहिला मसुदा सहायक बंद ठेवून लिहावा. रोज दीड-दोन पाने झाली तरी पुष्कळ आहेत. प्रकरण पूर्ण झाल्यावर ते भागाभागाने देऊन नेमके विचारावे: 'या भागात पुराव्याशिवाय केलेली विधाने कोणती? दुसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदात विसंगती आहे का? या निष्कर्षावर सर्वांत कठोर आक्षेप कोणता घेता येईल?' अशा वाचनाचा लाभ मोठा आहे, विशेषतः ज्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांकडे आठ-आठ जण नोंदलेले असतात आणि एकेका प्रकरणाची पाळी महिन्यांनी येते. 'हे प्रकरण सुधारून द्या' असे मात्र कधीही म्हणू नये. तसे म्हटले की सहायक वाक्ये गुळगुळीत करतो, आणि 'काही कुटुंबांनी' या आपल्या जपून लिहिलेल्या शब्दांचे 'कुटुंबांनी' होऊन बसते. एका शब्दाने दावा बदलतो, आणि तो आपल्या लक्षातही येत नाही.

पायरी ६ : मराठी तपासून घ्यावी, पण लिहून घेऊ नये

ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हे, एकाच संज्ञेची दोन रूपे, लांबलेली वाक्ये दाखवून देण्यासाठी सहायक उपयोगी आहे. दुरुस्ती थेट मजकुरात न करता चूक, सुचवलेले रूप आणि कारण असा तक्ता मागावा. त्याच्या सूचना शुद्धलेखनाच्या नियमांशी ताडाव्यात, कारण हिंदीच्या प्रभावाने 'महत्वपूर्ण', 'हेतु' अशी रूपेही तो देतो. तसेच 'हा अभ्यास अधोरेखित करतो', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', 'च्या माध्यमातून' अशा शब्दबंधांची गर्दी दिसली, तर ती काढून टाकावी. मजकूर मोठ्याने वाचून पाहिला की जे वाक्य आपल्या तोंडी बसत नाही ते लगेच कळते.

मजकूर यंत्राने लिहिला आहे की माणसाने, हे ओळखणाऱ्या साधनांवर विसंबू नये. ओपनएआयने स्वतःचे असे साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. प्रामाणिक विद्यार्थ्यावरही शंका येऊ शकते, म्हणून प्रत्येक मसुदा तारखेसह वेगळा जतन करावा आणि सहायकाशी झालेल्या संवादांची नोंदवही ठेवावी.

पायरी ७ : वापर जाहीर करावा आणि मौखिकीची तयारी करावी

सहायकाला लेखक म्हणून स्थान देता येत नाही, कारण तो कशाचीही जबाबदारी घेऊ शकत नाही. त्याचा वापर संशोधनपद्धतीच्या प्रकरणात किंवा प्रास्ताविकात स्पष्ट लिहावा. उदाहरणार्थ: 'शोधशब्द निवडणे, मसुद्यातील विसंगती शोधणे आणि शुद्धलेखन तपासणे यांसाठी एआय सहायकाचा वापर केला आहे. सर्व संदर्भ मी स्वतः पाहिले असून विश्लेषण, लेखन आणि निष्कर्ष माझे आहेत.' यासोबत साधनाचे नाव, आवृत्ती आणि वापराचा काळ द्यावा.

मौखिकीच्या, म्हणजे प्रबंधावरील तोंडी परीक्षेच्या, पंधरा दिवस आधी सहायकाला प्रबंधाचा सारांश देऊन बहिःस्थ परीक्षक व्हायला सांगावे आणि एकेक प्रश्न विचारायला लावावा. उत्तर टंकित न करता उभे राहून, प्रबंध मिटून, तोंडाने द्यावे. जिथे अडखळाल त्या पानाला खूण करावी आणि त्या पानामागची मूळ साधने पुन्हा काढून वाचावीत.