ऑनलाइन पेमेंट घेताय? पैसे अडकवणाऱ्या या चुका टाळा

वेबसाइटवर पेमेंटचं बटण बसवायला एक दुपार पुरते. त्या बटणावरून आलेले पैसे पुढे कोणी रोखून धरले किंवा त्यावर कर खात्याची नोटीस आली, तर निस्तरायला मात्र महिने जातात. अशा वेळी पहिला संशय कोडवर घेतला जातो. पण बहुतेकदा गडबड कागदावर असते: धंदा एक चाललेला असतो आणि नोंदणीत भलतंच लिहिलेलं असतं.

पाटीवर एक नाव, पॅनवर दुसरं

ग्राहकाचे पैसे आधी एस्क्रो खात्यात (बँकेतल्या राखीव, मधल्या खात्यात) घेऊन मग व्यापाऱ्याला देणारी कंपनी म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० ला यांच्यासाठी नियम काढले, सप्टेंबर २०२५ मध्ये ते नव्याने एकत्र केले. बँक सोडून इतर कोणालाही हे काम करायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि परवानगी मिळालेल्यांची यादी तिच्याच संकेतस्थळावर असते. करार करण्याआधी कंपनीचं नाव त्या यादीत शोधा. ब्रँडचं नाव नको, करारावर जे कायदेशीर नाव आहे ते. दर कुठे पाव टक्क्याने कमी मिळतो, हे नंतर बघता येईल.

केवायसी अडकण्याचं नेहमीचं कारण अगदी साधं असतं. दुकान ‘श्री गणेश ट्रेडर्स’, पॅन मालकाच्या नावावर, बँक खातं बायकोबरोबर जोडखातं आणि वेबसाइटवर तिसराच इंग्रजी ब्रँड. एकल मालकीत पॅन मालकाचंच असतं, त्यात वावगं काही नाही. पण मालक आणि दुकान एकच आहेत हे दाखवणारा कागद हवा: गुमास्ता, उद्यम प्रमाणपत्र किंवा जीएसटी नोंदणी. चालू खातंही त्या व्यापारी नावाने उघडा. वेबसाइटवर कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, फोन, डिलिव्हरीची मुदत आणि परताव्याचे नियम स्पष्ट लिहा. ‘परतावा आमच्या मर्जीनुसार’ असल्या ओळीवर अर्ज हमखास परत येतो.

धंद्याच्या प्रकाराचा चार आकडी कोड, म्हणजे एमसीसी, हा प्रकार अर्ज भरताना कोणी वाचत नाही. त्याचा फटका असा बसतो. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख रुपये आहे. शिक्षणसंस्था, रुग्णालयं, करभरणा अशा काही प्रकारांतल्या पडताळणी झालेल्या व्यापाऱ्यांसाठी ती ५ लाख आहे. संस्थेची नोंद चुकून सल्लासेवेच्या कोडखाली झाली असेल, तर १,४०,००० रुपयांची फी यूपीआयने जाणारच नाही. पालक बँकेला दोष देतात, बँक अ‍ॅपला देते, आणि चूक सहा महिन्यांपूर्वीच्या अर्जात पडून असते.

उलटी चूकही होते. अर्जात कपडे लिहायचे आणि पुढे त्याच खात्यावर ज्योतिषसल्ला किंवा आयुर्वेदिक औषधं विकायची. जोखीम तपासणीत ते दिसलं की सेटलमेंट, म्हणजे तुमच्या खात्यात पैसे जमा होणं, थांबतं. नवा माल आणण्याआधी अ‍ॅग्रिगेटरला ईमेल करून लेखी होकार घ्या.

घरच्या क्यूआरवर धंदा

सुरुवातीला सगळेच स्वतःच्या बचत खात्याच्या यूपीआयवर पैसे घेतात. चार ऑर्डरी असतील तोवर चालून जातं. नंतर तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली म्हणजे रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेला ग्राहक वैयक्तिक क्यूआरवर पैसे देऊच शकत नाही, त्याला व्यापारी क्यूआर लागतो. दुसरी जास्त त्रासाची. फसवणुकीतून आलेले पैसे कोणी तुमच्याकडे खर्च केले आणि मूळ पीडिताने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली जाऊ शकते. मग तो माल विकल्याचेच पैसे होते हे सिद्ध करायला बिल, ऑर्डर क्रमांक आणि कुरिअरची पोच लागते. वैयक्तिक खात्यावर धंदा करणाऱ्याकडे नेमकं तेच नसतं, आणि घरखर्चही त्याच खात्यात अडकून बसतो.

तिसरी अडचण कराची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यावसायिक कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा अनेकांच्या खात्यात भाऊबंदांचे उसने पैसे आणि विक्री यांची खिचडी झालेली होती. यूपीआयवर वेगळा कर नाही. प्रश्न उलाढालीचा असतो, आणि खिचडीतून उलाढाल वेगळी काढून दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

जीएसटीच्या मर्यादेबाबत ऑनलाइन विक्रेत्यांचा आणखी एक घोळ होतो. महाराष्ट्रात मालासाठी ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकला, तर ही मर्यादा कामाला येत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंसारखे अपवाद सोडले, तर पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी लागते. पुण्यातून बेंगळुरूला पाठवलेलं ९०० रुपयांचं एक पार्सलही त्यात आलं. सेवांना मात्र राज्याबाहेरही २० लाखांपर्यंत सूट आहे. चेकआउटवर सगळी राज्यं उघडी ठेवण्याआधी हे ठरवा. नोंदणी नसेल, तर पिनकोडचं बंधन घालणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

कार्डाचे आकडे आपल्याकडे ठेवणं

१ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा पूर्ण क्रमांक फक्त कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांनाच साठवता येतो. व्यापाऱ्याला ओळखीपुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. पुढच्या खरेदीला कार्ड सेव्ह करायचं असेल, तर ग्राहकाच्या संमतीने आणि ओटीपीसारख्या पडताळणीने टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा पर्यायी क्रमांक, बनतं.

हे बहुतेकांना ठाऊक असतं, डेटाबेसही स्वच्छ असतो. आकडे सापडतात ते भलत्याच ठिकाणी: सर्व्हरच्या लॉगमध्ये, फॉर्म फसल्यावर डेव्हलपरला आपोआप जाणाऱ्या ईमेलमध्ये, ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कार्डाच्या फोटोत, फोनवर ऑर्डर घेणाऱ्याच्या वहीत. लॉगमध्ये सलग १३ ते १९ आकड्यांचे तुकडे शोधून बघा. जे सापडेल ते पुसा आणि मूळ कारण बंद करा. कार्डाचा फॉर्म स्वतःच्या पानावर बनवण्याचा हट्ट सोडून अ‍ॅग्रिगेटरचं होस्टेड पान वापरलं, तर पीसीआय डीएसएसचं (कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या मानकाचं) ओझंही बरंच उतरतं.

‘पेमेंट सक्सेसफुल’ दिसलं म्हणजे पैसे आले, असं समजणं

सर्वाधिक भांडणं इथून सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर.

ग्राहक यूपीआय पिन टाकतो, रक्कम कापली जाते आणि तो ब्राउझरवर परत न येता फोन खिशात ठेवतो. तुमची साइट परतीच्या पानावर अवलंबून असेल, तर ऑर्डर ‘प्रलंबित’ राहते. दहा मिनिटांनी सिस्टिम ती रद्द करते, ग्राहक घाबरून पुन्हा पैसे भरतो, आणि संध्याकाळी दोन्ही पेमेंट यशस्वी दिसतात.

यावर उपाय असा. निकाल ब्राउझरकडून घ्यायचा नाही, वेबहूककडून, म्हणजे अ‍ॅग्रिगेटर थेट तुमच्या सर्व्हरवर आपोआप पाठवतो त्या संदेशाकडून घ्यायचा. वेबहूकची सही गुप्त किल्लीने तपासायची, नाहीतर कोणीही खोटा संदेश पाठवून माल सोडवून घेईल. सहीबरोबर रक्कम आणि ऑर्डर क्रमांक आपल्या नोंदीशी जुळवायचा. बऱ्याच एपीआयमध्ये (दोन सिस्टिम एकमेकींशी बोलतात त्या दुव्यात) रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० लिहायचं. इथे दोन शून्यं विसरली, की पाचशेचा माल पाच रुपयांत जातो आणि सही बरोबरच असल्याने कोणाला पत्ता लागत नाही. एकच वेबहूक दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंट क्रमांक आधी नोंदला असेल तर दुसरा नुसता स्वीकारून सोडून द्यायचा. आणि वेबहूक आलाच नाही, तर ऑर्डर रद्द करण्यापूर्वी स्टेटस एपीआयला स्वतः विचारायचं.

कार्डाच्या बाबतीत ‘ऑथराइज्ड’ आणि ‘कॅप्चर्ड’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. रक्कम नुसती राखून ठेवली आणि ठरलेल्या मुदतीत कॅप्चर, म्हणजे प्रत्यक्ष वसूल, केली नाही, तर ती ग्राहकाला परत जाते. माल रवाना, पैसे परत! हाताने कॅप्चर करायचं खास कारण नसेल, तर ऑटो कॅप्चर चालू ठेवा.

पैसे कापले गेले पण तुमच्याकडे व्यवहार फसलेला दिसतो, तेव्हा दयेपोटी खिशातून परतावा देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याला पुष्टी न मिळालेल्या यूपीआय किंवा ऑनलाइन कार्ड व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत जायला हवी. उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तुम्ही आधीच पैसे पाठवले, तर त्याला दोनदा मिळतात आणि दुसऱ्यांदा मिळालेले परत मागायची सोय नाही. ग्राहकाला १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक आणि ही मुदत, एवढं लेखी कळवा.

तोच १२ आकडी क्रमांक काउंटरवरही उपयोगी पडतो. पेमेंटचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. क्रमांक आपल्या खात्यातल्या नोंदीशी जुळला, तरच माल द्यायचा.

परतावा दुसऱ्याच खात्यात

“त्या कार्डावर नको, या नंबरवर टाका ना” अशी विनंती आली, की थांबा. परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने द्यायचा, हा नियम आहे. ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसरा मार्ग. फसवणुकीत पुढची पायरी ठरलेली असते. वेगळ्या नंबरवर परतावा घ्यायचा आणि मग मूळ कार्डावर चार्जबॅक टाकायचा, म्हणजे बँकेमार्फत तेच पैसे परत मागायचे. कार्डाचा परतावा दिल्यावर अ‍ॅग्रिगेटरकडून एआरएन (परताव्याचा संदर्भ) क्रमांक घेऊन ग्राहकाला पाठवा. ‘पैसे आले नाहीत’च्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, कारण तो क्रमांक सांगितल्यावर बँकेला परतावा शोधता येतो.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. आधीच टिक केलेले संमतीचे चौकोन त्याच नियमांत बसत नाहीत.

शुल्क ग्राहकावर ढकलणं आणि हिशेबात गिळणं

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पेमेंट घेतल्याबद्दल व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर, वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि त्यावरच्याला ०.९० टक्के. हा खर्च ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. तरीही चेकआउटच्या शेवटच्या पायरीवर २ टक्के जोडणाऱ्या साइट दिसतात. शेवटच्या क्षणी किंमत वाढवणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांतही मोडतं.

हिशेबातली चूक जास्त गुपचूप होते. ५,००० रुपयांची विक्री क्रेडिट कार्डावर झाली, दर समजा २ टक्के. शुल्क १०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८ रुपये, खात्यात ४,८८२. अनेक जण ४,८८२ हीच विक्री धरतात. विक्री ५,०००च लिहायची, १०० रुपये खर्चात आणि १८ रुपये इनपुट क्रेडिटमध्ये (भरलेल्या जीएसटीच्या वजावटीत). रोजच्या सेटलमेंट अहवालातून प्रत्येक ओळ बिलाशी जुळवली नाही, तर जीएसटी विवरणपत्रातली विक्री आणि अ‍ॅग्रिगेटरकडचा आकडा यांत वर्षअखेर जो फरक पडतो, तो शोधताना नाकी नऊ येतात.

सदस्यत्वाची आपोआप कपात फसते तेव्हा

ई-मँडेटमध्ये, म्हणजे आपोआप कपातीला ग्राहकाने दिलेल्या ऑनलाइन परवानगीत, पहिल्या वेळी ओटीपी किंवा पिन लागतो. पुढच्या प्रत्येक कपातीआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतची कपात नव्या पडताळणीशिवाय होते, विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्ड बिलाला ही मर्यादा १ लाख आहे. आता वार्षिक वर्गणी १३,००० ठेवली, १८ टक्के जीएसटी धरून झाली १५,३४०, आणि नूतनीकरणाच्या दिवशी निम्मी मंडळी गळाली. किंमत ठरवताना करासकट आकडा बघा किंवा सहामाही दोन हप्ते करा.

मँडेट ठरावीक रकमेचं घेतलं असेल, तर दरवाढीनंतर जुन्या ग्राहकांकडून नवं मँडेट घ्यावं लागेल. सुरुवातीलाच कमाल मर्यादेचं बदलतं मँडेट मागा. पण ती मर्यादा उगाच दहापट ठेवू नका, आकडा बघूनच लोक स्क्रीन बंद करतात.

परदेशी ग्राहक

परदेशातल्या बँकेने दिलेल्या कार्डावर भारतीय ओटीपीचं संरक्षण गृहीत धरू नका. त्यामुळे चार्जबॅकचा धोका वाढतो. मोठ्या ऑर्डरीला ईमेलवर पुष्टी, पोच आणि सेवेचा पुरावा जपून ठेवा. सीमापार व्यवहारांसाठी अ‍ॅग्रिगेटरकडे वेगळी परवानगी लागते, आपली देशी जोडणी आपोआप चालेल असं नाही. प्रत्येक जमेला योग्य पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड) लागला का ते तपासा आणि परकीय चलन आल्याचा दाखला त्याच महिन्यात उतरवून घ्या. दोन वर्षांनी मागितला, तर शोधणं जड जातं. जीएसटी न भरता सेवा निर्यात करत असाल, तर आरएफडी-११ अर्जातलं हमीपत्र दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावं लागतं. मार्चमध्ये संपलेल्या वर्षाचं हमीपत्र एप्रिलच्या बिलाला चालत नाही.