गाडी उभी असली तरी ऑइल म्हातारं होतंच

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्यांची गाडी कितीशी चालणार? भाजी, देऊळ, फार तर स्टेशन. वर्षाकाठी दोन-अडीच हजार किलोमीटर. मग "दहा हजार झाले की बदलू" म्हणत तेच इंजिन ऑइल चार वर्षं गाडीच्या पोटात ठेवणारे आमच्याकडे कमी नाहीत. मॅन्युअलमधलं वाक्य मात्र पूर्ण वाचावं: बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते. कमी चालणाऱ्या गाडीचं वर्षच आधी येतं.

कारण साधं आहे. इंजिन थंड असताना आत हवेतली वाफ पाणी होऊन बसते, थोडं न जळलेलं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. लांब पल्ल्यात इंजिन नीट तापलं की हे उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत ते तापतच नाही. पाणी साठतं, आम्लं तयार होतात. ऑइल भरायचं झाकण उघडून पाहा, आतून पिवळट साय दिसली तर बहुधा हाच प्रकार. ती गेलीच नाही किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर मेकॅनिकला दाखवा.

रोज सकाळी पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवणं (आमच्या वाड्यातला आवडता विधी!) उलट नुकसानीचं. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा शहराबाहेरच्या आजवा तलावापर्यंत जाऊन या.

मी दर दिवाळीआधी, पावसाची दमट हवा सरली की, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो.