लडाखमध्ये हिमबिबट्याचा माग काढायला मुंबईहून निघताना

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हिमबिबट्याची शिकार हा गुन्हा असल्याने सोबत न्यायची ती दुर्बीण आणि कॅमेराच. जानेवारी ते मार्च या काळात भरल ही रानमेंढी खालच्या उतारांवर येते व तिच्यामागे हिमबिबट्याही येतो, म्हणून हेमिस राष्ट्रीय उद्यानाचा बेत याच महिन्यांत आखावा. मुंबई समुद्रसपाटीला आणि लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्यामुळे विमानातून उतरल्यावर किमान दोन पूर्ण दिवस विश्रांतीसाठी राखावेत. रजा अपुरी पडली की नेमके हेच दिवस कापण्याचा मोह होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाल्यास आणखी वर चढू नये. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, त्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात.