चमचा, कांदा, चप्पल: फिट आल्यावर या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाचा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेच्या नाटकाची तालीम चालली होती. रात्रीचे दोन वाजून गेलेले. संवाद म्हणता म्हणता हा सभामंडपात आडवा झाला. हातपाय झटकतायत, तोंडाला फेस. पेटीवाल्या काकांनी चहाचा चमचा त्याच्या दातांत खुपसला. "जीब गिळटलो रे तो!" कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल नाकाला लावली, तिघांनी दंड दाबून धरले. दोन मिनिटांत फिट आपोआप थांबली. दात मात्र गेला.

काकांची माया खरी, पण जीभ कुणाला गिळता येत नाही. फार तर चावली जाते, आणि ती भरून येते. तोंडात काही घातलं की दात तुटतो, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणीही पाजू नका. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत स्वतःच ओसरतात, आणि श्रेय मिळतं कांद्याला किंवा हातात दिलेल्या चावीला.

आधी घड्याळ बघा. समई, खुर्ची, पेटी बाजूला सारा, डोक्याखाली टॉवेल घडी करून ठेवा. दाबून धरू नका. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येते. पुरता भानावर येईपर्यंत तिथून हलू नका. झटके पाच मिनिटांहून लांबले, शुद्ध न येता पुन्हा आले, पहिलीच फिट असली, बाई गरोदर असली किंवा माणूस पाण्यात असताना फिट आली, तर सरळ १०८ लावा.

आमच्याकडे दुसरी चूक घरातच झाली. शिगम्यात, जत्रेत भार येतो, अवसर येतो, म्हणजे अंगात येतं, हे बघतच आम्ही वाढलो. त्यामुळे पहिलं वर्ष कौल लावण्यात आणि देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, रोट देण्यात गेलं. डॉक्टर त्यानंतर. गाऱ्हाणं घालायला कोण नको म्हणतो? आई अजून घालते, आणि गोळ्यांचा डबाही तीच भरते. अपस्मार म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा अचानक गोंधळ. सगळ्याच फिट माणसाला आडवं पाडत नाहीत. वर्गात काही सेकंद शून्यात बघत राहणारं, हाक मारली तरी ओ न देणारं पोर दर वेळी 'लक्ष नसलेलं'च असतं असं नाही.

"बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडणं, ही आमच्या दिवट्याची चूक. तालमीच्या नादात रात्रीचा डोस तीनदा चुकला, वर जागरण. झोप तुटणं हे झटक्याला आमंत्रणच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. पण गोळी कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

आणखी एक गोव्यातली ठरलेली समजूत: डुक्कर खाणाऱ्यालाच मेंदूत जंत होतात आणि त्यातून फिट येते. मासळी खाणाऱ्या आमच्या आजीचंही हेच मत! नीट न शिजलेल्या मांसातून पोटात पट्टकृमी होतो खरा. पण मेंदूत गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळे. ती माणसाच्या विष्ठेतून हातांना, पाण्याला, कच्च्या भाजीला लागतात. म्हणजे शाकाहारीही सुटत नाही. अपस्माराची इतर कारणंही बरीच आहेत, कित्येकदा कारण सापडतच नाही.

लग्न ठरवताना मात्र सगळे गप्प. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अडकाठी १९९९च्या दुरुस्तीने निघाली, आणि गोव्यात तो कायदा लागूच नाही. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. तरी मुलीचा आजार लपवतात. मग सासरी ती गोळी चोरून घेते, एखादे दिवशी घेतच नाही. व्हॅल्प्रोएटसारखं फिटवरचं औषध गरोदरपणात बाळाला बाधू शकतं, पण घाबरून एकदम बंद केलं तर आईच्या जिवावर बेतू शकतं. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि लपवलेल्या आजाराबद्दल बोलणार कसं?

यंदा तालीम साडेदहाला आटपते. दिग्दर्शक कुरकुरतो, पण काकांच्या मोबाइलवर गोळीचा गजर वाजला की पेटी बंद. दाताला कॅप बसवायला भाऊ अजून तयार नाही. म्हणतो, खलनायकाला शोभतो.